पंचाची कॉलर



दिवाळी सरते, भातकापणी उरकते, झोडणी होऊन पेंढा रचला जातो आणि आमच्या कर्जत-खालापूरच्या खाचरांना जरा उसंत मिळते. मग रस्त्यालगतचं एखादं खाचर गावातली पोरं ताब्यात घेतात. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, जमीन चोपून सपाट करायची आणि फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढायच्या. चार कोपऱ्यांना बांबू, बांबूंवर दिवे, एका बाजूला टेबल, टेबलावर चषक आणि शेजारी लाउडस्पीकर. झालं कबड्डीचं मैदान तयार! उल्हास नदीच्या काठापासून पाताळगंगेच्या काठापर्यंत, शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात स्पर्धा असतेच. खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारा, कर्जत लोकलने मुंबईला जाणारा, घरची शेती बघणारा, असा प्रत्येक तरुण त्या दिव्यांखाली आला की फक्त खेळाडू असतो.

मी पेशाने शिक्षक. आता निवृत्त झालो. पण शनिवार-रविवारचा मी पंच. पंच परीक्षा उत्तीर्ण झालो त्यालाही आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. या काळात मला पुष्कळ श्रीफळं मिळाली, आणि त्याहून पुष्कळ शिव्या मिळाल्या. आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या मिळकतीबद्दल. खेळाडू पंचावर का चिडतो, आणि चिडल्यावर काय होतं, याबद्दल.

आधी हे ध्यानात घ्या, की गावच्या स्पर्धेतला पंच म्हणजे कोणी परका अधिकारी नव्हे. तो शेजारच्या गावचा मास्तर असतो, तलाठी असतो, नाहीतर जुना खेळाडू असतो. त्याला मिळतो प्रवासखर्च, एक नारळ आणि रात्रीचं जेवण. त्याच्यामागे पोलीस नसतात. रात्री दीड वाजता सामना संपला, की तो ज्यांच्याविरुद्ध निर्णय दिला त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घरी जातो. त्याच्याजवळ एक शिट्टी असते, आणि ती वाजल्यावर सगळ्यांनी थांबायचं, एवढा एक अलिखित करार असतो.

आता कबड्डीचा खेळ बघा. पुरुषांचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर. चढाईला 30 सेकंद. समोर सात जण. चढाई करणारा दम घालत जातो. त्याचं नख कुणाच्या बोटाला लागलं तरी गुण, आणि मध्यरेषेला त्याचं बोट पोचलं नाही तर तो बाद. आठ देह एकमेकांत गुंतलेले, धूळ उडालेली, प्रेक्षक रेषेपर्यंत सरकलेले. त्यात एका नखाचा निकाल पंचाने डोळ्याचं पातं लवायच्या आत द्यायचा. शिवाय आमच्याकडे मैदान मातीचं. 20 मिनिटांचा पहिला डाव संपेपर्यंत निदानरेषा आणि बोनस रेषा पायांखाली अर्ध्या पुसलेल्या असतात. पुसलेली रेषा कुठे होती हे प्रत्येकाला आपापल्या संघाच्या सोयीने आठवतं! गावच्या मैदानावरची निम्मी भांडणं त्या पुसलेल्या फक्कीतून उगवतात, असं मी अनुभवाने सांगतो.

अशाच एका भांडणाची हकीकत सांगतो. ती माझीच आहे.

2011 सालचा जानेवारी महिना. खालापूर तालुक्यातल्या एका गावी स्पर्धा होती. उपांत्य सामना. एक संघ यजमान गावचा, दुसरा कर्जत तालुक्यातल्या डोंगरालगतच्या एका गावचा. पाहुण्या संघाचा कर्णधार तेवीस वर्षांचा, उंच, काटक, पायात विजेसारखी चपळाई. हा मुलगा कारखान्यात कंत्राटावर होता आणि त्या दिवशी पाळी बुडवून आला होता. जिल्हा संघाची निवड तोंडावर आली होती. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. जिल्हा, मग राज्य, मग एखादं प्रमाणपत्र आणि मग कायमची नोकरी, हा जिना आमच्या भागातल्या कितीतरी घरांत रोज मोजला जातो. तोही मोजत होता.

सामन्याची शेवटची चढाई. फलक 32-31, त्याचा संघ एका गुणाने मागे. समोर पाच जण उरलेले. हा आत गेला, तिघांनी त्याला धरलं, आणि तिघांना अंगावर घेऊन हा मध्यरेषेकडे झेपावला. हात लांब केलेला. मी मध्यरेषेजवळ उभा होतो. मला वाटलं, चार बोटं कमी पडली. मी शिट्टी फुंकली, बाद दिला.

तिन्ही पकडणारे त्याच्या अंगावरून उठले तेव्हा तो उठून माझ्याकडे धावला. उजवा हात वर. तोंडाने ओरडत होता, 'सर, हात! सर, हात बघा!' यजमान गाव तोवर मैदानात उतरलं होतं. आम्हाला शिकवलेलं असतं, की निर्णय द्यावा आणि बाजूला व्हावं, हुज्जत घालत बसू नये. मी पाठ फिरवली. त्याने मागून माझा खांदा धरून मला वळवलं आणि माझी कॉलर धरली. दोन हिसके दिले. मग लोकांनी त्याला ओढून बाजूला नेलं.

पुढचं रीतसर झालं. संयोजकांनी त्याला स्पर्धेतून काढलं. मी अहवाल लिहिला: अमुक खेळाडूने पंचाच्या अंगावर हात टाकला. अहवाल वर गेला आणि त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. जिल्हा निवड गेली. अहवालातला शब्द न् शब्द खरा होता.

पण त्या रात्री घरी आल्यावर मी शर्ट काढला, तेव्हा कॉलरवर मला चार पांढरे ठसे दिसले. बोटांचे. फक्कीचे.

श्रोतेहो, त्या ठशांकडे मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. बोनस रेषा, निदानरेषा केव्हाच पुसल्या होत्या. फक्की जरा जाड उरली होती ती मध्यरेषेवरच. तो हात वर करून धावत आला, तो मारायला नव्हे. बोटं दाखवायला आला होता. आणि मी बघितलं नाही. मग मनाने पळवाटा शोधायला सुरुवात केली. फक्की काय, कुठूनही लागू शकते. उठताना हात टेकला असेल. शिट्टीनंतर लागली असेल. सगळं शक्य होतं, आजही शक्य आहे. तरी झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या जोडीदार पंचाला मी विचारलं. तो म्हणाला, 'मला वाटलं होतं हात पोचला. पण तुमची शिट्टी आधी वाजली. त्यात गर्दी अशी आत आलेली. म्हटलं, आता कशाला?' नियम असा आहे, की दोन पंचांत मतभेद झाला तर सरपंचाने निर्णय द्यायचा. सरपंचांनी विचारलं नाही, जोडीदार बोलला नाही आणि मी थांबलो नाही. हात पोचला असं ठरतं तर तिघांना पकडीसकट बाद करून त्याच्या संघाला तीन गुण मिळाले असते आणि तो संघ अंतिम फेरीत गेला असता.

आठ दिवस मी गप्प बसलो. नवव्या दिवशी त्याच्या गावी गेलो. पडवीत त्याची आई तांदूळ निवडत बसली होती. 'गुरुजी आलेत रे,' म्हणून तिने आत हाक मारली. तो आला आणि दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

मी विचारलं, 'हात लागला होता का रे?'

'लागला होता, सर.'

'मग मी चुकलो.'

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'चुकण्याचं काही नाही, सर. रात्रीचं दिसत नाही, आम्हाला माहीत आहे. पण मी हात दाखवत होतो आणि तुम्ही पाठ फिरवलीत.'

मी म्हटलं, 'ते खरं आहे. पण कॉलर?'

तो खाली बघत म्हणाला, 'ते माझं चुकलं. घरी आल्यापासून आई बोलत नाही माझ्याशी.'

आई चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, 'पोराचं वर्ष गेलं, गुरुजी.' मला उत्तर देता आलं नाही. चहा मात्र मी घेतला. तो नाकारणं जास्त वाईट दिसलं असतं.

परत आल्यावर मी वर दुसरं पत्र लिहिलं. माझा निर्णय बहुधा चुकीचा होता आणि जोडीदार पंचाला न विचारता मी तो दिला, असं स्पष्ट लिहिलं. त्या पत्राने बंदी उठली नाही. ती उठवावी असं मी लिहिलंही नव्हतं. आजही मला वाटतं, की बंदी योग्य होती आणि माझी माफीही योग्य होती. आमच्या मैदानांवर नेमकं हेच कुणाला समजावता येत नाही. चुकलेल्या निर्णयाचं खातं वेगळं, उचललेल्या हाताचं खातं वेगळं. एका खात्यातली बाकी दुसऱ्या खात्यात वळती करता येत नाही. पंच चुकला म्हणून हात माफ होत नाही, आणि हात उचलला म्हणून पंचाची चूक पुसली जात नाही.

हे फक्त आमच्या तालुक्यांपुरतं आहे असंही नाही. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झालं ते सगळ्या राज्याने दूरदर्शन संचावर आणि मोबाइलवर पाहिलं. गादी विभागातल्या निर्णायक लढतीत शिवराज राक्षे यांना पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध चितपट दिलं गेलं. राक्षे हे 2023 चे महाराष्ट्र केसरी. पाठ टेकली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीतून महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालत बाहेर पडले. दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आलं. त्यानंतर पारावर, एस.टी.त, चहाच्या टपरीवर मी जी चर्चा ऐकली ती एकाच प्रश्नावर होती: पाठ टेकली होती की नव्हती? जणू टेकली नसेल तर लाथ बरोबर, आणि टेकली असेल तर चूक. दोन्ही खाती एकात मिसळली ती अशी. आणि माझा हात मात्र, खरं सांगतो, आपसूक माझ्या कॉलरकडे गेला होता.

आता दुसरं एक उदाहरण बघा. 7 ऑक्टोबर 2023, चीनमधलं हांगझो शहर, आशियाई स्पर्धेतल्या पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. 28-28 अशी बरोबरी आणि अगदी शेवटची काही मिनिटं. पवन सेहरावत चढाईत कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटू गेले. गुण कुणाला, किती? जुना नियम लावावा की नवा, यावर पंचांचंच एकमत होईना. निर्णय फिरला, पुन्हा फिरला. आधी एका संघाचे खेळाडू मैदानात बसले, मग दुसऱ्या संघाचे. जवळजवळ तासभर सामना थांबला होता. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. आपण सुवर्णपदकाचा आनंद केला, तो करायलाच हवा. पण पंच म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढा मोठा सामना, एवढा गोंधळ, तरी खेळाडू खाली बसले. निषेधाची ही रीत आपल्या मातीला अनोळखी नाही! आणि पंचांसाठी धडा असा, की कुठला नियम चालू आहे हे खेळ सुरू होण्याआधी सर्वांना ठाऊक नसेल, तर संतापाचं बी पंचांनीच पेरलेलं असतं.

ते पीक किती विषारी असू शकतं, तेही सांगितलं पाहिजे. डिसेंबर 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे गावी हौशी फुटबॉलचा मुलांचा सामना होता. एका खेळाडूचे वडील हौसेने रेषेवरचे पंच म्हणून उभे राहिले होते. सामना संपल्यावर दुसऱ्या संघातल्या काही मुलांनी त्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या शनिवार-रविवारचे त्या देशातले सगळे हौशी सामने रद्द करण्यात आले. 2013 मध्ये सहा अल्पवयीन मुलं आणि त्यांच्यातल्या एकाचे वडील दोषी ठरले. ती मुलं गुंड नव्हती हो, रविवारी फुटबॉल खेळायला आलेली मुलं होती. आणि गेले ते कुणी नामांकित पंचही नव्हते, मुलाचा खेळ व्हावा म्हणून हातात झेंडा घेतलेले एक वडील होते. आपल्याकडे बांबूच्या कुंपणाशी उभे असतात तसेच.

मग करायचं काय? खेळाडूने चिडूच नये, असा उपदेश मी करणार नाही. दमछाक झालेल्या, अंगावर तिघांना घेतलेल्या माणसाला शांत राहा म्हणणं सोपं, राहणं कठीण. रागाला वाट काढून दिली पाहिजे. जगभर तसे प्रयत्न झाले आहेत. फुटबॉलमधली पिवळी आणि लाल कार्डं 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात पहिल्यांदा आली. ती सुचली केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला, रस्त्यावरचे वाहतुकीचे दिवे बघून. इंग्लंडमधल्या हौशी फुटबॉलमध्ये 2019-20 च्या मोसमापासून पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवतात. 2024 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत, पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचं, असा दंडक होता. आपल्या कबड्डीतही हिरवं कार्ड म्हणजे समज, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. पण गावच्या स्पर्धेत पंच एकतर कार्ड काढायला भितो, नाहीतर एकदम लालच काढतो. मधलं हिरवं कार्ड खिशातच मळतं.

मी स्वतःपुरते चार नियम केले आहेत. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून वादाचे नियम मोठ्याने सांगायचे. मध्यंतरात पाच मिनिटं असतात, त्यात रेषा पुन्हा ओढून घेतल्याशिवाय दुसरा डाव सुरू करायचा नाही, संयोजकांनी कितीही घाई केली तरी. शंका असेल तर जोडीदार पंचाकडे आधी बघायचं, मग शिट्टी. आणि चौथा, कर्णधार बोलायला आला तर पाठ फिरवायची नाही. निर्णय बदलायचा की नाही हा पुढचा प्रश्न. ऐकायला दहा सेकंद लागतात, आणि मी ती दहा सेकंदं एकदा वाचवली होती.

प्रेक्षकांनाही एक विनंती. रेषेपासून मागे राहा. आणि लाउडस्पीकरवर बोलणाऱ्या मित्रांनो, पंचाच्या निर्णयावर ध्वनिक्षेपकावरून टोमणा मारू नका. तुमचा विनोद होतो आणि मैदानातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यात ती काडी पडते.

तो मुलगा वर्षभराने पुन्हा खेळू लागला. जिल्हा संघात मात्र त्याची निवड कधी झाली नाही. ते वर्ष त्याचं होतं आणि ते गेलं. अजून तो कारखान्यातच आहे. संध्याकाळी पाळी नसेल तेव्हा गावातल्या मुलामुलींना कबड्डी शिकवतो.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलांचा एक सामना माझ्याकडे आला. शेवटच्या मिनिटांत मी त्यांच्या चढाईपटूला बाद दिलं. सोळा वर्षांचा कर्णधार माझ्याकडे चालत आला. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. म्हणाला, 'सर, एकदा दुसऱ्या पंचांना विचारता का?' मी विचारलं. त्यांनीही बादच सांगितलं. मी कर्णधाराला म्हटलं, 'बाद आहे.' तो 'बरं सर' म्हणून परत गेला, आणि ते हरले.

सामन्यानंतर मी त्यांच्या प्रशिक्षकाला, म्हणजे त्या माझ्या जुन्या खेळाडूला विचारलं, 'हे हात मागे बांधणं तू शिकवलंस?'

'हो सर,' तो म्हणाला. 'हात मागे असले की तोंडही आवरतं.' आणि जरा थांबून म्हणाला, 'पण मी त्यांना हेही सांगितलंय, की विचारायचं मात्र नक्की.'